टेस्ट मोडमधलं डिजिटल प्रमाणपत्रही स्कॅन होतं, मग लाइव्ह मोड हवाच कशाला?

तुम्ही विचारलंय की वर्गातल्या साठ जणांना डिजिटल प्रमाणपत्रं द्यायची आहेत, प्रमाणपत्र काढणाऱ्या सॉफ्टवेअरचा टेस्ट मोड, म्हणजे नुसत्या चाचणीसाठीची सोय, फुकट आहे, क्यूआरही स्कॅन होतो, तर तीच वाटली तर काय बिघडलं? कळकळीने सांगते, वाटू नका.

स्कॅन केल्यावर येणारी हिरवी खूण एवढंच सांगते की सही झाल्यावर मजकुराला कुणी हात लावलेला नाही. सही कुणाची, हे वेगळं पाहावं लागतं. टेस्ट मोडमध्ये सही होते ती चाचणीच्या किल्लीने (किल्ली म्हणजे डिजिटल सही करणारा गुप्त कोड), आणि त्या किल्लीमागे तुमची संस्था उभी नसते. उद्या नोकरी देणाऱ्याने खोलात जाऊन तपासलं तर मान खाली घालावी लागेल ती मुलांना.

शिवाय चाचणीची जागा कायमची नसते. पॉलिगॉन या ब्लॉकचेनच्या (अनेक संगणकांवर मिळून ठेवलेल्या डिजिटल नोंदवहीच्या) टेस्टनेटचं, म्हणजे चाचणीच्या जाळ्याचं, नावच ‘मुंबई’ होतं. एप्रिल 2024 मध्ये ते बंद झालं आणि ‘अमोय’ हे नवं टेस्टनेट कोऱ्या पाटीने पुढे चालू राहिलं. मुंबईवरच्या नोंदी तिकडे गेल्या नाहीत. कुणाच्या प्रमाणपत्राचा पुरावा फक्त तिथे असेल, तर आता तो पडताळणार कुठे?

लाइव्ह मोडचं, म्हणजे संस्थेच्या खऱ्या सहीने प्रमाणपत्र काढण्याचं, वजन वेगळंच. डिजिलॉकरचं उदाहरण घ्या: संस्थेने तिथे जारी केलेला दस्तऐवज 2017 च्या नियमदुरुस्तीपासून मूळ कागदाच्या बरोबरीचा धरतात. पण मजकूर बदलला की सही जुळत नाही, म्हणून लाइव्ह सही झाल्यावर साधी वेलांटीसुद्धा दुरुस्त करता येत नाही. जुनं रद्द करायचं आणि नवं काढायचं.

हे मी स्वतः चूक करून शिकले. चाचणी घेताना मी ‘अमर’, ‘कमल’ अशी सोपी नावं टाकली होती, सगळं छान दिसलं. लाइव्ह गेल्यावर एका मुलीने मोबाइल पुढे केला, “मॅडम, माझं आडनाव असं नाही लिहीत.” कुऱ्हाडे मधला ‘ऱ्ह’ फुटून अर्धा ‘र’ बाजूला पडला होता. मी नवं काढून दिलं, पण तोवर तिने जुनी लिंक घरच्या ग्रुपवर टाकली होती. तिच्या आजोबांनी ती उघडली तेव्हा नातीच्या नावाखाली लाल अक्षरांत ‘रद्द’ दिसत होतं. त्या मुलीचा चेहरा मी विसरलेले नाही.

तेव्हा टेस्ट मोडमध्ये मुद्दाम अवघड नावं घाला: ऱ्ह, ज्ञ, क्ष्म असलेली, वडिलांच्या नावासकट लांबलचक. ईमेल मात्र स्वतःचेच द्या, कारण काही ठिकाणी टेस्ट मोडमधूनही खरे मेल जातात. एखादं प्रमाणपत्र रद्द करून पाहा आणि दुसऱ्या फोनवरून, लॉगिन न करता स्कॅन करा.

आणि लाइव्ह झाल्यावर साठ एकदम पाठवू नका. पहिलं एकाचंच काढा, त्या विद्यार्थ्याला शेजारी बसवून, आणि नाव त्यालाच मोठ्याने वाचायला सांगा.