2013 ची वॅगनआर, मिस्त्रीने 38 हजार सांगितलेत, ठेवू का विकू?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. 2013 ची पेट्रोल वॅगनआर एलएक्सआय, 96 हजार किलोमीटर झालेत, लातुरात रोज पंधरा-वीस किलोमीटर आणि महिन्यातून दोनदा आईंना घेऊन सोलापूरच्या दवाखान्यात, सोबत कधी कधी लेकरं. कधी रस्त्यात बंद पडली नाही असं तुम्हीच लिहिलंय. मिस्त्रीने क्लच, सस्पेन्शन आणि रबरी पाइप मिळून 38 हजार सांगितले आणि शोरूमवाला म्हणतोय दीड लाखात जुनी द्या, नवीन न्या. माझ्याकडे हेच इंजिन असलेली 2011 ची वॅगनआर आहे, 1 लाख 47 हजार झालेत, रोज चालायली, म्हणून लिहायलोय. माझं मत विचाराल तर आत्ता विकू नका, 38 हजार घाला. फक्त सोलापूरचं वेगळं बघा.

कसंय, आपल्या मराठवाड्यात गाडीचं लोखंड मरत नाही, रबर मरतं. कोकणातल्या पाहुण्यांची आमच्याच वर्षाची गाडी बघितली तर खालचा पत्रा बोटाने दाबला की पापुद्रे निघायचे, आमची जॅकवर घेतली तर खाली नुसती काळ्या मातीची पुटं, खरवडली की आत पत्रा ठणठणीत. पण 42-43 डिग्रीत उभी राहून राहून बुश, होज पाइप, वायपर, टायर सगळं कडक होऊन तडकतं. त्यात आता सगळीकडे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि ते चालेल असं मटेरियल गाड्यांत यायला लागलं एप्रिल 2023 पासून, त्यामुळे पेट्रोलचे रबरी पाइप आणि सील बदलायला मिस्त्री सांगत असेल तर तो तुम्हाला लुटत नाही, करून घ्या. इंजिनची भीती धरू नका, या के10 इंजिनला टायमिंग चेन आहे, बेल्टसारखी ठराविक किलोमीटरला बदलावी लागत नाही, ऑइल वेळेवर बदललं की लै चालतं.

मला विचाराल तर त्या 38 हजाराच्या आधी एक गोष्ट बघा. सकाळी गार इंजिन असताना (गरम असताना अजिबात नको) रेडिएटरचं झाकण उघडा आणि आतून बोट फिरवा. 2016 ला मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं तो उन्हाळा आठवतो ना, त्या वर्षी कूलंट (इंजिन गार ठेवणारं रंगीत द्रव) संपलं की मी टँकरचं, बोअरचं, जे हाताला लागेल ते पाणी ओतत गेलो. दोन वर्षांनी औसा रोडला टेम्परेचरचा काटा लालवर गेला, बाजूला घेतली, बॉनेटमधून वाफ, मागच्या सीटवर वडील. झाकण काढलं तर आत घागरीच्या बुडाला बसतो तसा पांढरा क्षार, नखाने निघेना. रेडिएटर बदलावा लागला, इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, वाचलं हे नशीब. तुमच्या झाकणाखाली रंगीत स्वच्छ कूलंट दिसलं तर डोळे झाकून खर्च करा. तेलकट चॉकलेटी साय दिसली तर मात्र हेड गॅस्केटची (हेडखालच्या सीलची) शंका आहे, मग हिशोबच बदलतो, तेव्हा क्लचला हात लावायच्या आधी इंजिन दाखवा.

आता पैशाचं. 5 लाख कर्ज, 9 टक्के, पाच वर्षं धरलं तर हप्ता 10,400 च्या आसपास येतो, म्हणजे तुमचे 38 हजार चार हप्त्यांतसुद्धा नाहीत. सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी 18 टक्क्यांवर आलाय म्हणून शोरूमवाले घाई करायलेत, पण हा सणाचा सेल नाही, दर तसा संपत नाही.

आणि 15 वर्षं झाली की गाडी भंगारात, असं कुणी सांगितलं असेल तर तो नियम दिल्ली-एनसीआरचा. आपल्याकडे 2028 ला आरटीओत गाडी दाखवायची, 5,000 नोंदणी फी, वर पर्यावरण कर, आणि पुढची पाच वर्षं मिळतात. माझ्या गाडीचा नंबर याच वर्षी आहे, तयारी चालूय.

सोलापूरचं म्हणाल तर इथं मी गाडीची बाजू घेणार नाही. तुमच्या एलएक्सआयमध्ये एअरबॅग नाही, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय) नाही, आणि हे मिस्त्री बसवून देऊ शकत नाही. तुळजापूरकडचा रस्ता चांगला झालाय म्हणूनच सगळे शंभरच्या पुढे पळवतात. लेकरं सोबत असतील त्या दिवशी चांगली टॅक्सी करा, महिन्याच्या दोन फेऱ्या हप्त्यापेक्षा स्वस्तच पडतील. तुमच्याच गाडीने जायचं तर ऐंशीच्या वर नको, मागचे बेल्ट लावा, आणि टायरच्या बाजूला डीओटी (DOT) लिहिलेल्या ओळीत शेवटचे चार आकडे बघा. 3217 असेल तर तो 2017 च्या 32 व्या आठवड्यातला टायर, नक्षी कितीही दिसू द्या, काढून टाका.

हप्त्याऐवजी महिन्याला दहा हजार बाजूला टाकत गेलात तर 2028 पर्यंत तीन लाखांच्या आसपास जमतील. तेव्हा घ्या, पण सवय म्हणून परत वॅगनआरच नको, 2023 च्या ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत तिला मोठ्यांसाठी एकच स्टार होता, टाटा पंचला 2021 लाच पाच मिळालेत. पण पंचच्या चाचणीनंतर चाचणीचे नियम कडक झालेत, म्हणून नवीन रिझल्ट बघून ठरवा. आणि शोरूमला आईंना सोबत न्या. वडिलांचे गुडघे शेवटच्या दोन वर्षांत वाकत नव्हते, आमच्या गाडीची सीट बरोबर कमरेच्या उंचीला, नुसतं टेकायचं आणि पाय आत फिरवायचे, म्हणून ते दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसायलाच तयार नसायचे. तुमच्या आईंना दोन-तीन गाड्यांत चढायला-उतरायला लावा, सेल्समन कितीही घाई करू दे.