फी भरायच्या आधी एक संध्याकाळ नुसती बघ

पोरी, तालुक्याला कराटेचा क्लास लावतेस, चांगलंच आहे. पण आधी एक संध्याकाळ कडेला बसून नुसतं बघ. पोट्टे हवेतच ठोसे मारतात, की समोर कुणी खरंच झोंबतं? मनगट धरणारा लगेच ढिला सोडत असेल, तर ती सुटका बसस्टँडवर कामी येणार नाही. घट्ट धरून ओढलं की मगच कळतं, हिसका अंगठ्याच्या बाजूनं द्यायचा. पकड तिथंच कच्ची असते. हे अंगात मुरायला रोज वेगवेगळ्या ताकदीचे जोडीदार लागतात, पोरंही आणि पोरीही.

माझं विचारशील तर जवळपास ज्युडो किंवा कुस्ती असेल तर आधी तिकडे जा, तिथं रोज खरी झटापट होते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात (स्थापना 1914) शिकलेलं कुणी शिकवत असेल, तर जरूर भेट. दर दोन-तीन महिन्यांनी नवा पट्टा (बेल्ट) नि परीक्षा फी असेल, तर सावध राहा.

ओरडायचं कसं, पळायचं केव्हा, मदतीचा 112 नंबर केव्हा लावायचा, हे शिकवतात का ते सरांना सरळ विचार. चिडले तर तो क्लास सोड. आणि क्लास सुटल्यावर गावची शेवटची एसटी मिळते ना, तेही बघून घे.