केबल टेस्टला टिकली, मग चालू केल्यावर का गेली?

प्रश्न : आमच्याकडे ११ केव्हीची १५ वर्षे जुनी एक्सएलपीई (क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीन या प्लास्टिकचे इन्सुलेशन असलेली) केबल आहे. जॉइंट दुरुस्त करून डीसी हायपॉट टेस्ट (जास्त डीसी व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणे) घेतली, लीकेज करंट (इन्सुलेशनमधून झिरपणारा प्रवाह) अगदी कमी आला. चौथ्या दिवशी केबल भलत्याच ठिकाणी पंक्चर झाली. टेस्टमध्ये काय सुटले?

उत्तर : बहुधा सुटले काहीच नाही, टेस्टनेच घात केला. जुन्या, ओल लागलेल्या एक्सएलपीईत वॉटर ट्री, म्हणजे ओलाव्यामुळे इन्सुलेशनमध्ये झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या सूक्ष्म खुणा, झालेल्या असतात. डीसी व्होल्टेज मिनिटेच्या मिनिटे एकाच दिशेने लागून राहिले की त्यांच्या टोकांपाशी चार्ज शिरतो आणि अडकून बसतो. हाच स्पेस चार्ज. अडकलेला चार्ज वाहत नाही, म्हणून लीकेज कमी दिसले यावर विसंबू नका.

थोडा चार्जही किती महागात पडतो ते पाहा. १ मिमी जाडीच्या थरात दर घनमीटरला १ कूलॉम चार्ज साचला, तर थराच्या दोन बाजूंच्या विद्युत क्षेत्रात सुमारे ५० केव्ही प्रति मिमी फरक पडतो. तुमच्या केबलवरचा रोजचा सरासरी ताण जेमतेम २ केव्ही प्रति मिमी! पुन्हा एसी दिला की ज्या अर्ध्या सायकलमध्ये एसीचा आणि अडकलेल्या चार्जचा अशा दोन्ही ताणांची बेरीज होते, त्यात इलेक्ट्रिकल ट्री (विद्युत ताणाने इन्सुलेशनमध्ये फांद्यांसारखी वाढत जाणारी पोकळ चीर) सुरू होते आणि काही तासांत किंवा दिवसांत इन्सुलेशन फोडते.

जुन्या एक्सएलपीईला ०.१ हर्ट्झची व्हीएलएफ (अतिशय कमी वारंवारतेच्या एसीची) टेस्ट घ्या. तिथे दर ५ सेकंदांनी ध्रुवता उलटते, चार्जला खोल शिरायला उसंत मिळत नाही. बाहेरच्या शीथची (केबलवरच्या संरक्षक आवरणाची) डीसी टेस्ट मात्र खुशाल घ्या.

डीसी देऊन झालेच असेल तर थेट डेड अर्थ (मध्ये रेझिस्टर न ठेवता सरळ जमिनीला जोडणे) करू नका. आत चार्ज असताना अचानक शॉर्ट केल्यानेही ट्री सुरू होते. आधी रेझिस्टर असलेल्या डिस्चार्ज रॉडने व्होल्टेज उतरवा, मग अर्थ करून निदान रात्रभर तसेच ठेवा. अर्थ लवकर काढलात तर मीटरचा काटा हळूहळू पुन्हा चढतो, तो याच चार्जमुळे. त्या वेळी केबलला हात लावणे जिवावर बेतू शकते.

प्रश्न : प्रयोगशाळेत एकाच मटेरियलच्या एक्सएलपीई प्लेट्सचे स्पेस चार्ज मापन दरवेळी वेगळे येते. असे का?

उत्तर : प्लेटचा वास घेऊन पाहा. गोडसर वास आला तर त्यात अॅसिटोफेनोन शिल्लक आहे. डायक्युमिल पेरॉक्साइडने क्रॉसलिंकिंग (पॉलिथिलीनच्या साखळ्या एकमेकींना जोडणे) करताना ते, क्युमिल अल्कोहोल आणि मिथेन तयार होतात. इलेक्ट्रोडजवळ त्याच्या विरुद्ध चिन्हाचा चार्ज साचतो तो बरेचदा यांच्यामुळेच. प्लेट ७० अंश सेल्सिअसला व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ठेवा, रोज वजन करा, आणि वजन घटायचे थांबल्यावरच मापनाला घ्या. ठरावीक तास मोजून थांबू नका, जाड प्लेटला कितीतरी जास्त वेळ लागतो. मिथेन पेट घेतो, तेव्हा पंपाचा एक्झॉस्ट बाहेर सोडा. दोन मापनांमध्ये प्लेटच्या दोन्ही बाजू शॉर्ट करून ठेवायचेही विसरू नका, नाहीतर कालचा चार्ज आजच्या आलेखात दिसेल.