भावाला इस्पितळात ठेवायला हो म्हणू का?

मावशी, माझा धाकटा भाऊ सतरा वर्षांचा आहे. आमच्या वाड्यावरचे, म्हणजे वस्तीतले, दोन मोबाईल आणि एक स्कूटर चोरली म्हणून गेल्या गुरुवारी त्याला पोलिसांनी नेलं. आता तो मेरशीच्या अपना घरात, म्हणजे मुलांच्या निरीक्षणगृहात आहे. दोन वर्षं तो गांजा ओढतो, वर्षभर झोपेच्या गोळ्याही खातो. देणारा आमच्या वाड्यावरच राहतो. गणेशचवथीपासून भावाने खोलीच्या खिडकीला आतून वर्तमानपत्रं चिकटवलीत. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न वाजला की म्हणायचा, 'हा माझ्यासाठी इशारा आहे.' बाल न्याय मंडळाने विचारलंय, बांबोळीच्या मानसोपचार इस्पितळात ठेवून उपचार करू का? मी हो म्हटलं. आई म्हणते, 'जामीन घे, घरी आण. पिशांच्या इस्पितळात शॉक देतील, जन्माचा डाग लागेल.' बाबा नाहीत. चार दिवस आई माझ्याशी बोललेली नाही. दोन महिन्यांनी तो अठराचा होईल, मग काय? मी भावाला टाकून देतेय का?
– डिचोलीची एक बहीण

बाय,

हो म्हणालीस ते बरोबर केलंस. पण पुढचं वाचण्याआधी एक काम कर. गोळ्यांचं अपना घरातल्या कुणाला सांगितलं आहेस का? नसेल तर आत्ता फोन कर. वर्षभर रोज घेतलेल्या झोपेच्या गोळ्या एकाएकी बंद झाल्या तर फिट येऊ शकते. त्या डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू कमी कराव्या लागतात. रिकामी पाकिटं घरात सापडली तर घेऊन जा. 'पोलिसांना कळेल' म्हणून आई ती कचऱ्यात टाकेल, त्याआधी शोध.

आता त्या खिडकीबद्दल. पोलिसांच्या कागदावर चोरी लिहिली आहे आणि ज्याची स्कूटर गेली त्याचा राग खराच आहे. पण ज्या मुलाला पोदेराच्या हॉर्नमध्ये स्वतःसाठी निरोप ऐकू येतो, त्याला नुसतं व्यसन लागलेलं नाही, त्याचं मनही आजारी पडलंय. कोवळ्या वयातल्या गांजाने असे भास-भ्रम व्हायचा धोका वाढतो हे खरं. पण कधी कधी आजार आधीपासून आत चालू असतो आणि पोरगं त्याच्यावर उतारा म्हणून ओढायला लागतं. आधी काय झालं यावर तुम्ही मायलेकी घरात भांडू नका. नशा उतरल्यावर काही आठवडे डॉक्टर त्याला बघतील, तेव्हाच ते उमगेल. 'आधी गांजा सोडू दे, मग मनाचं बघू' असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. दोन्हींवर एकाच वेळी उपचार व्हायला हवेत. त्यासाठी सुरुवातीला तरी त्याला आत ठेवणं मला योग्य वाटतं, कारण घरापासून चार पावलांवर पुडी मिळते.

'टाकून देणं' काय असतं ते मी पाहिलंय. माझ्या मामेभावाला एकोणिसाव्या वर्षी असेच आवाज यायचे. कुणीतरी परराज्यातलं एक व्यसनमुक्ती केंद्र सुचवलं. पहाटे चौघे आले आणि त्याला झोपेतून उचलून जीपमध्ये घातलं. तिथे डॉक्टर नव्हताच. चार महिन्यांनी परत आला तो भिंतीला पाठ लावल्याशिवाय जेवायला बसेना. आज पन्नाशीला आलाय, अजूनही लग्नाच्या पंगतीत भिंतीकडची जागा शोधतो. त्या चार महिन्यांत आमच्यापैकी एकही जण तिकडे फिरकला नव्हता.

मंडळ जे विचारतंय ते असलं नव्हे. २०१५च्या बाल न्याय कायद्यात व्यसनी किंवा मनाने आजारी मुलाला उपचारासाठी हलवायची सोय आहे. व्यसनासाठी हलवलं तर आत ठेवून उपचार करायला लागतील तेवढाच काळ. ती शिक्षा नव्हे. मानसिक आरोग्याचा २०१७चा कायदा तर अल्पवयीनांबाबत फार काटेकोर आहे. दाखल करण्याआधी त्याला दोघांनी तपासायचं, त्यातला किमान एक मानसोपचारतज्ज्ञ हवा. मोठ्या रुग्णांपासून त्याला वेगळं ठेवायचं. कुठल्याही रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे. आणि शॉकची आईला भीती वाटते ना? अल्पवयीन मुलाला तो पालकाच्या संमतीशिवाय आणि मानसिक आरोग्य मंडळाच्या पूर्वपरवानगीशिवाय देताच येत नाही. म्हणजे आईला न विचारता शॉक देता येणार नाही.

आईला मुद्दाम वाचून दाखवावं असं त्या कायद्यात आणखी एक आहे. अल्पवयीन मूल दाखल असेपर्यंत घरचं माणूस, किंवा घरच्यांनी नेमलेलं माणूस, सगळे दिवस त्याच्यासोबत इस्पितळात राहायला हवं. तुझा भाऊ मंडळाच्या ताब्यात आहे, म्हणून ही व्यवस्था प्रत्यक्षात कशी होईल ते परिवीक्षा अधिकाऱ्याला (प्रोबेशन ऑफिसरला) विचारून घे. पण आईला सांग, 'त्याला पाठवायचं नाही, तुला त्याच्याबरोबर जायचंय.' मला वाटतं, ती चार दिवस गप्प आहे ती तुझ्यावर रागावून नाही. दार बंद होईल आणि आपण बाहेर राहू, या भीतीने ती गप्प आहे.

जामिनाचं ती म्हणते तेही अगदीच चूक नाही. मुलांच्या बाबतीत जामीन द्यायचा हाच नियम आहे, अपवाद थोडे. तो अधिकार तुम्हाला पुढेही आहे. उपचार संपल्यावर परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली घरी येता येतं. हेच अधिकारी तुमच्या घरची चौकशी करून १५ दिवसांत मंडळाला अहवाल देतात. त्यांच्यापुढे काही झाकू नकोस. गोळ्या, खिडकी, हॉर्न, कधीपासून शाळा सुटली, घराण्यात कुणाला असा आजार होता का, सगळं सांग. खिडकीवरच्या त्या कागदांचा फोटो काढ.

अठराव्या वाढदिवसाने काही बिघडत नाही. चौकशी चालू असताना अठरा पूर्ण झाली तरी ती मूल म्हणूनच पुढे चालते. डागाचं म्हणशील तर अशा चोरीच्या प्रकरणात मंडळाने दोषी ठरवलं तरी त्यामुळे पुढे नोकरीला वगैरे अपात्र ठरवता येत नाही, आणि त्याचं नाव कुठे छापणं हा गुन्हा आहे. वाड्यावर लोक बोलतील, ते तर आजही बोलताहेत.

पुडी देणाऱ्याचं नाव मात्र गिळू नकोस. मुलाला अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. एकटी त्याच्या दारात जाऊ नकोस, मंडळासमोर सांग. मनात नसेल तर आधी १४४४६ या व्यसनमुक्तीच्या हेल्पलाईनवर किंवा टेलि-मानसच्या १४४१६ वर बोल. रात्री तुला झोप येत नसेल तरी टेलि-मानसला फोन कर. तुझ्या पत्रात तुझ्या स्वतःबद्दल एक ओळ नाही.

पहिले दहा-पंधरा दिवस वाईट जातील. तो चिडेल, जेवणार नाही, झोपणार नाही. 'मला इथून ने, नाही तर तोंड बघणार नाही' म्हणेल. आई त्या क्षणी विरघळेल, तेव्हा तू तिच्या शेजारी असायला हवीस. औषधांनी आवाज शांत झाले की तो म्हणेल, मी बरा झालो, गोळ्या कशाला? घरी आल्यावर बिघडतं ते बहुतेक इथेच. डॉक्टर सांगेपर्यंत औषध बंद करायचं नाही आणि तपासणीची एकही तारीख चुकवायची नाही, एवढं दोघींनी आधीच ठरवा.

खिडकीवरचे कागद तू काढू नकोस. तो आला की त्याचे तो काढेल, लागतील तेवढे दिवस लागू देत. पोदेराला मात्र आधी गाठ आणि सांग, पहिला महिनाभर आमच्या दारात हॉर्न वाजवू नको, पाव पिशवीत टाकून जा.

तुझी मावशी