कोडिंगचा क्लास आत्ताच लावावा का?

प्रश्न : मुलगी नववीत आहे. गणितात गुण चांगले पडतात, पण शाब्दिक उदाहरण आलं की अडते. पुढे डेटा सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स करायचं म्हणते. कोडिंगचा क्लास लावू का?

उत्तर : क्लास सहा महिने लांबला तरी काही बिघडत नाही. आधी गुणोत्तर, एककं आणि आलेख पक्के होऊ द्या. तिने सांगितलेल्या दोन्ही क्षेत्रांत हे रोज लागतं, नर्सिंगमध्येसुद्धा.

तिला हे गणित घाला : ५ मिलीलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम औषध आहे, द्यायचंय २०० मिलिग्रॅम, तर किती मिलीलिटर? बरीच मुलं २०० ला १२५ ने भागून १.६ मिलीलिटर लिहून मोकळी होतात. पण ती ५ मिलीलिटरची १.६ पट आहे. उत्तर ८ मिलीलिटर. प्रत्येक पायरीला आकड्यापुढे एकक लिहायची सवय लागली की ही चूक तिची तिलाच सापडते.

मग साधा लंबक, म्हणजे दोऱ्याला टांगलेला छोटा गोळा, करायला लावा. दोऱ्याच्या ४० ते १०० सेंटिमीटरमधल्या पाच लांब्या घ्यायच्या, प्रत्येकीला २० आंदोलनांचा (एक आंदोलन म्हणजे झोका जाऊन परत येणं) वेळ तीनदा मोजायचा, झोका १० अंशांच्या आतच ठेवायचा. मीटरभर लांबीला एक आंदोलन साधारण २ सेकंदांचं असतं. घड्याळ दाबताना ०.२ सेकंद इकडेतिकडे झाले तर एका आंदोलनावर १० टक्के चूक होते, २० आंदोलनांवर जेमतेम अर्धा टक्का. सोडताना ‘शून्य’ म्हणायचं. ‘एक’पासून सुरुवात केली की आंदोलनं १९ च होतात आणि या प्रयोगातून काढायचं गुरुत्वत्वरण (पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते) ९.८ ऐवजी १०.९ च्या आसपास येतं.

आलेखात आडव्या अक्षावर मीटरमध्ये लांबी, उभ्या अक्षावर दोलनकालाचा, म्हणजे एका आंदोलनाच्या वेळेचा, वर्ग. रेषेचा चढ ४ च्या जवळपास यायला हवा; ३९.५ ला त्या चढाने भागलं की गुरुत्वत्वरण मिळतं. रेषा आरंभबिंदूच्या थोडी वरून गेली, तर लांबी बहुधा गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजता गाठीपर्यंतच मोजली आहे. गंमत अशी, की तरीही चढ बदलत नाही आणि उत्तर बरोबर येतं. एकाच मोजमापावरून उत्तर काढलं असतं तर ही चूक कळलीही नसती. आलेख काढायचा तो यासाठी.

हीच मोजमापं स्प्रेडशीटमध्ये भरायची. मूळ आकड्यांना हात लावायचा नाही, सरासरीचा रकाना वेगळा. त्यानंतर तोच हिशेब पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत. आता कोडिंग खुशाल सुरू करा, तिच्या हाताशी स्वतःचा डेटा असेल.

प्रश्न : मुलाला जीवशास्त्र आवडतं. अकरावीला गणित सोडलं तर चालेल?

उत्तर : शक्यतो सोडू नये. पीएच (आम्लता मोजायचा आकडा) ७ वरून ५ वर आला की हायड्रोजन आयनांचं प्रमाण १०० पट होतं, हे समजायला लॉगरिदम लागतो. खत दिलेली रोपं न दिलेल्यांपेक्षा सरासरीने उंच निघाली, तर तो खताचा परिणाम की योगायोग, हे संख्याशास्त्राशिवाय ठरत नाही. सोडणारच असेल, तर निदान संभाव्यता आणि संख्याशास्त्र तरी वेगळं शिकून घ्यावं.