डावी कूस, उजवी कूस

प्रश्न : व्याघ्रगणनेत वाघांचे हजारो फोटो येतात. मग एकच वाघ दोनदा मोजला जात नाही कशावरून? आणि चांदोलीसारख्या जंगलात, जिथे वर्षानुवर्षे वाघ क्वचितच फिरकला, तिथे एवढे कॅमेरे लावून उपयोग काय? – एक वाचक

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. 2018 च्या गणनेत देशभरात 26,838 ठिकाणी कॅमेरे लागले. वाघांचे फोटो आले 76,651 आणि त्यांतून वेगवेगळे वाघ निघाले 2,461. हे ठरतं पट्ट्यांवरून. दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात. पण मेख पुढेच आहे : एकाच वाघाची डावी कूससुद्धा उजवीशी जुळत नाही. म्हणून आम्ही वाटेच्या दोन्ही अंगांना, गुडघाभर उंचीवर, कॅमेऱ्यांची जोडी बांधतो. जोडीतला एक जरी बंद पडला तरी घोळ होतो. विदर्भात एकदा एका जागी नुसती उजवी कूस मिळाली, दोन ओढे ओलांडून दुसऱ्या जागी नुसती डावी. वाघ एक की दोन? आम्ही तो एकच धरला. पुढे त्याच्या दोन्ही बाजू एकदम मिळाल्या तेव्हा कळलं, ते दोन होते. तरीही तेव्हा कमी धरलं तेच योग्य होतं, असं मी आजही मानतो. पावलांच्या ठशांवरची गणना राजस्थानातल्या सरिस्कात वाघ दाखवत राहिली आणि 2005 मध्ये तिथे एकही उरला नसल्याचं उघड झालं.

आता चांदोली. हे जंगल सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं. या प्रकल्पात मे 2018 मध्ये कॅमेऱ्यात वाघ आला, पुन्हा डिसेंबर 2023 मध्ये. एका फोटोवरून वाघ आला एवढंच कळतं. तो तिथे राहिला का, हे कळायला तेच पट्टे पुन्हा पुन्हा दिसावे लागतात, आणि त्यासाठी कॅमेरे आधीपासून जागेवर हवेत. शिवाय वाघ नसतानाही कॅमेऱ्याच्या कार्डात सांबर, भेकर, गवे येतात. पिल्लामागे थांबलेली सांबरीण दिसली की मला फार बरं वाटतं, कारण वाघाला राहायचं तर आधी त्याचं खाद्य हवं.

एक विनंती. जंगलात झाडाला बांधलेला कॅमेरा दिसला तर कृपया हात लावू नका. बांधायचा पट्टा जरा सैल झाला तरी कॅमेरा खाली झुकतो, आणि वाघ समोरून जाऊनही आमच्या हाती नुसते पंजे येतात.