सुटेना आणि सोडवेना

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलंय: "स्तानिस्वाफ लेम यांची 'सोलारिस' इंग्रजीतून वाचली. मधेमधे जाम कंटाळा आला, पण खाली काही ठेववेना. ठाण्याहून लोकलने परतताना ऐरोली स्टेशन मागे गेलं ते घणसोलीला कळलं. अशा कादंबरीला भयाण म्हणू की गूढ? आणि 'संमिश्र प्रतिक्रिया'पेक्षा बरं काही आहे का?"

'भयाण' जागेला आणि वेळेला चिकटतो. भयाण रात्र, भयाण शांतता, दिवे गेल्यावरचा येऊरचा रस्ता. त्या भीतीत आसपास कोणी नसतं. 'सोलारिस'मध्ये पंचाईत अशी की कोणीतरी येतं. 1961 सालची ही पोलिश कादंबरी. एका ग्रहाला महासागराने व्यापलंय आणि तो तिथल्या संशोधन स्थानकातल्या शास्त्रज्ञांच्या आठवणीतली माणसं घडवून त्यांच्यापुढे उभी करतो. नायकाच्या खोलीत एक दिवस त्याची मेलेली प्रेयसी बसलेली असते. तिला 'भेसूर' म्हणावं, तर त्याला तसा चेहरा लागतो, नाहीतर आवाज: भेसूर हसणं, भेसूर रडणं. ही तर साधी, ओळखीची दिसते. 'गूढ' जाहिरातींनी झिजवलाय. 'विचित्र' शेजाऱ्यांच्या मांजरालाही चालतो.

भरतमुनींच्या वाटणीत भय भयानक रसाकडे गेलं आणि विस्मय अद्भुताकडे. ताईंना दोन्ही एकदम झालं. 'भयाद्भुत' असा जोडशब्द पाडता येईल, पण मैत्रिणीशी बोलताना तो तोंडात बसायचा नाही.

माझं मत 'बाहेरचं'ला. "त्याला बाहेरचं झालंय," असं जुनी माणसं भुताचं नाव न घेता म्हणतात. काय, कुठलं, कशासाठी, काही सांगायचं नाही; नुसतं नपुंसकलिंगी 'बाहेरचं'. परग्रहावरच्या त्या महासागराला याहून नेमका शब्द मला तरी सुचत नाही. 'झपाटणं'ही त्याच घरातलं. पुस्तकाने झपाटलं म्हणताना आपण किती भयंकर बोलतोय, हे आता कोणाच्या लक्षातही येत नाही.

राहिली 'संमिश्र प्रतिक्रिया'. ती अर्थसंकल्पाला ठेवू या. ताई, तुमचं उत्तर तुम्ही प्रश्नातच लिहून बसलात: ठेववेना. व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणतात. 'मी ठेवलं नाही' यात मर्जी माझी. 'मला ठेववेना' म्हटलं की 'मी'चा 'मला' होतो आणि सूत्रं हातातून जातात. हल्ली सर्रास 'मी ठेवू शकले नाही' लिहितात. त्याने काम भागतं, पण 'मी पाहू शकले नाही' म्हणजे पुढे उंच माणूस उभा असेल, दिवे गेले असतील, काहीही. 'मला पाहवेना' म्हणजे डोळे शाबूत आहेत, अडलंय ते आत. शिवाय त्यात आवड-नावड सांगावीच लागत नाही. कंटाळलेल्या माणसालाही पुस्तक ठेववत नाही, हे एका क्रियापदात येतं.

त्यातही 'सोडवेना' घेतलंत तर जवळच त्याचा भाऊबंद 'सुटेना' उभा आहे. तो महासागर काय आहे, त्याला काय हवंय, हे कादंबरीतल्या ग्रंथालयभर पुस्तकं लिहूनही शास्त्रज्ञांना उमगत नाही (ताईंचा कंटाळा बहुधा त्याच पानांवरचा). तेव्हा मैत्रिणीला एवढंच कळवा: कोडं सुटेना, पुस्तक सोडवेना. मात्र तिने "मग घेऊ का वाचायला?" असं विचारलं, तर घणसोलीचंही सांगा.